फरशी फोडायच्या आधी ड्रेनेजची लाईन कुठनं गेलीय ते नेमकं कसं शोधायचं (ट्रान्समीटर आणि हातातला रिसीव्हर वापरून)

सांगलीत जुन्या घराचं ड्रेनेज तुंबलं की पहिला प्रश्न एकच असतो, चेंबर कुठाय? गावभाग, खणभाग, गणपती पेठ इकडच्या वाड्यांमध्ये तीन-तीन पिढ्यांनी आपापल्या सोयीनं संडास-बाथरूम वाढवलेत, कुठला पाईप कुठं जोडलाय हे माहीत असलेलं माणूस आता घरात नसतं. त्यात २००५, २०१९, २०२१ च्या पुरानंतर बऱ्याच जणांनी भराव टाकून अंगण उचलून घेतलं, वरनं कोबा केला, पेव्हिंग ब्लॉक बसवले आणि जुन्या चेंबरची झाकणं खालीच राहिली. मग तुंबलं की मिस्त्री येतो, पाय आपटून बघतो, अंदाजानं ब्रेकर लावतो, पाईप दोन फूट बाजूला निघतो, परत दुसरीकडं फोडतो. घरमालकाची फरशी गेली, पैसे गेले आणि तुंबलेलं तसंच.

हे टाळता येतं. त्यासाठी लागणारं मशीन आता सांगली-कोल्हापूरकडं पाईपात कॅमेरा घालणाऱ्या लोकांकडं बघायला मिळतं, पण मशीन असणं वेगळं आणि ते वापरता येणं वेगळं. मला या लेखात मुख्य हेच सांगायचंय की रिसीव्हर वाजला म्हणजे पाईप सापडला असं अजिबात धरू नका, वेगवेगळ्या तपासण्या करून एकच जागा निघाली तरच खूण करा, तोवर ब्रेकरला हात लावायचा नाही.

मशीन नेमकं काय शोधतं

दोन भाग असतात. एक छोटा ट्रान्समीटर, बोटाएवढा किंवा थोडा मोठा, आत बॅटरी आणि तारेची कॉईल, त्याला सॉन्ड म्हणतात. तो फायबरच्या रॉडच्या टोकाला लावून पाईपात ढकलायचा. ड्रेनेजच्या कॅमेऱ्याच्या डोक्यात बऱ्याचदा हा आधीच बसवलेला असतो. दुसरा भाग म्हणजे वर जमिनीवर घेऊन फिरायचा रिसीव्हर. सॉन्ड चुंबकीय क्षेत्र सोडतो, रिसीव्हरमधल्या कॉईलला ते जाणवतं, आणि पीव्हीसी, चिनीमातीचा पाईप, माती, पाणी यातलं काहीही त्या क्षेत्राला फारसं अडवत नाही. पाईप पाण्यानं भरलेला असला तरी चालतंय.

इथंच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मशीन पाईप शोधत नाही, पाईपात घातलेला ट्रान्समीटर शोधतं. प्लास्टिकचा किंवा चिनीमातीचा पाईप आपण होऊन कसलाच सिग्नल देत नाही, त्यामुळं "मशीन नुसतं फिरवून सांगा की गटार कुठाय" असं कुणी म्हणत असेल तर ते शक्य नाही, आत काहीतरी घालावंच लागतं.

लोखंडी लाईन असेल तर दुसरी पद्धत आहे, मोठा डबा-ट्रान्समीटर घेऊन लाल वायर पाईपला आणि काळी वायर जमिनीत ठोकलेल्या सळईला लावायची, सळई लाईनपासनं काटकोनात काही फूट लांब. मग अख्खा पाईपच सिग्नल देतो. काळ्या मातीत ही सळई चांगली अर्थ पकडते, साताऱ्याकडं मुरूम-खडक असेल तर सळईभोवती बादलीभर पाणी ओतावं लागतं. पण घरगुती ड्रेनेज बहुतेक पीव्हीसी नाहीतर चिनीमातीचं असतंय म्हणून बाकीचा लेख सॉन्डवरच आहे.

फ्रिक्वेन्सी कुठली घ्यायची

बाजारात मुख्यतः दोन मिळतात, ५१२ हर्ट्झ आणि ३३ किलोहर्ट्झ. पीव्हीसी आणि चिनीमातीला ३३ किलोहर्ट्झ मस्त चालतं. बिडाचा पाईप असेल, म्हणजे जुन्या घरात भिंतीवरनं उतरलेला जाड काळा पाईप तसाच जमिनीखाली गेला असेल, तर ३३ चा सिग्नल धातूतनं बाहेरच येत नाही, तिथं ५१२ लागतं. सिमेंटच्या पाईपात सळईची जाळी असेल तर तिथंही ५१२ बरं. पाईप कसलाय तेच माहीत नसेल तर सरळ ५१२ घ्या. आपल्याकडच्या लाईटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, तिचा गोंगाट ५००, ५५० अशा पटीत येतो आणि ५१२ बरोबर त्यांच्या मधे बसतं, म्हणून विजेच्या वायरी असलेल्या जागेतही ते बऱ्यापैकी टिकतं.

सॉन्ड आणि रिसीव्हर दोन्हीकडं तीच फ्रिक्वेन्सी लावलीय ना ते बघा, आणि रिसीव्हर सॉन्ड मोडमध्येच ठेवा. लाईन मोडमध्ये (वायर किंवा लोखंडी पाईप शोधायच्या मोडमध्ये) राहिला तर बीप येईल पण खोली साफ चुकीची दाखवेल, कारण तिथं हिशोबच वेगळा असतो.

आधी डोळ्यानं काम करा

मशीन बॅगेतनं काढायच्या आधी अर्धा तास घर बघून घ्या. गच्चीपर्यंत गेलेला वेंट पाईप कुठाय, संडासाचा पाईप भिंतीतनं कुठं उतरतो, नहाणीचं पाणी कुठल्या गल्ली ट्रॅपला (बाहेरच्या जाळीच्या छोट्या खड्ड्याला) जातंय, रस्त्यावरचं मॅनहोल कुठं. शेजारच्या घराची रचना सारखी असेल तर त्यांचं चेंबर कुठाय ते विचारा. मंजूर नकाशा असला तर मागा, महापालिका १९९८ ला झाली, त्याआधीच्या घराचा नकाशा जुन्या नगरपालिकेच्या काळातला असेल, त्यावर ड्रेनेजची रेघ असते पण प्रत्यक्षात गवंड्यानं तशीच टाकलीय असं समजू नका.

मग जे एखादं झाकण उघडतंय ते उघडा. एकाला संडासात बादलीभर पाणी टाकायला सांगा आणि बघा पाणी कुठल्या तोंडातनं येतंय. सांडपाण्याला एक लाईन, मैल्याला दुसरी, पावसाच्या पाण्याला तिसरी असं असू शकतं, आपण तुंबलेलीच लाईन शोधतोय ना याची खात्री इथंच होते. कागदावर हातानं कच्चा नकाशा काढा, पुढं लागणारे.

झाकण उघडलं की लगेच वाकून तोंड आत घालू नका. थोडा वेळ उघडं ठेवा, काडी पेटवून बघायची सवय सोडा, आत मिथेन असू शकतो. आणि चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही, हायड्रोजन सल्फाइडनं माणूस काही श्वासात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. २०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँक साफ करायला माणसाला असं धोकादायक पद्धतीनं उतरवायला बंदी आहे. ही अख्खी पद्धत वरनंच करता येते, तेच तर तिचं मोल आहे.

सॉन्ड तपासून मगच आत घाला

नवी बॅटरी घाला, जुनी "चालेल की" म्हणून ठेवू नका, अर्ध्यात सिग्नल पडला तर पाईपात अडकला की बॅटरी गेली हेच कळत नाही. बॅटरीच्या झाकणाची रबरी रिंग बघा, घाण असेल तर पुसा, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. सॉन्ड जमिनीवर आडवा ठेवा, टेपनं मोजून तीन फूट बाजूला जा, रिसीव्हरचं टोक सॉन्डकडं करून आडवा धरा आणि खोली बघा. तीन फुटाच्या आसपास आली पाहिजे. नाही आली तर मोड, फ्रिक्वेन्सी परत बघा, त्याशिवाय पुढं जायचं नाही.

लहान सॉन्डची पोच साधारण दोन-तीन मीटर, घरगुती लाईनला तेवढी पुरते. रस्त्याखालच्या खोल लाईनला मोठा सॉन्ड लागतो.

रॉडला सॉन्ड घट्ट आवळा आणि सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा. जोडाचे रॉड वापरत असाल तर आत ढकलताना-ओढताना कायम घड्याळाच्या दिशेनंच फिरवा, उलटे फिरवले की आत सांधा सुटतो आणि मग सॉन्ड शोधायला परत सॉन्ड घालायची वेळ येते. रॉडवर दर पाच फुटाला रंगीत टेपची खूण करून ठेवा, किती आत गेला हे कळणं फार महत्त्वाचंय.

वरनं शोधायचं कसं

एकदम वीस फूट ढकलून मग शोधत बसू नका. सॉन्ड चेंबरच्या तोंडातनं तीन-चार फूट आत घाला आणि थांबा. इतक्या जवळ तो कुठं असणार हे तुम्हाला माहितीये, तिथनं सुरू केलं की सिग्नलची ओळख होते. मग दर वेळी दोन-तीन फूट पुढं. रॉड ढकलायला एक माणूस आणि रिसीव्हर धरायला एक, आणि रिसीव्हरवाल्यानं सांगितल्याशिवाय रॉडवाल्यानं रॉड हलवायचा नाही.

रिसीव्हर उभा, टोक जमिनीजवळ, झोपाळ्यासारखा हलवायचा नाही, सरळ उभाच्या उभा सरकवायचा. पात्यासारखा चपटा रिसीव्हर असेल (रेडिओडिटेक्शनचे असे असतात) तर पातं पाईपच्या दिशेला समांतर धरा. वायर शोधताना पातं आडवं धरतात, सॉन्डला त्याच्या उलट, आणि वायरीची सवय असलेले लोक इथंच चुकतात. आता पाईपच्या अंदाजे दिशेनं पुढं-मागं सरका, जिथं सिग्नलचा आकडा सगळ्यात जास्त तिथं थांबा. त्याच जागी रिसीव्हर गोल फिरवा, आकडा जास्तीत जास्त होईल ती सॉन्डची दिशा. मग डावी-उजवीकडं सरकून जास्तीत जास्त. परत एकदा पुढं-मागं. प्रत्येक वेळी सेन्सिटिव्हिटी इतकीच ठेवा की आकडा स्केलच्या मधल्या-वरच्या भागात राहील, स्केल भरून गेला की पीक (सिग्नल सगळ्यात जास्त असलेली जागा) कुठला ते कळत नाही.

खोटे पीक, सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते

सॉन्डच्या बरोबर वर मोठा पीक मिळतो. पण त्याच्या पुढं एक आणि मागं एक, पाईपच्याच रेषेत, असे दोन लहान पीक मिळतात, त्यांना घोस्ट म्हणतात. मोठ्या पीकच्या आणि घोस्टच्या मधे सिग्नल जवळजवळ शून्याला जातो. तुम्ही घोस्टवर पहिल्यांदा पोचलात आणि रिसीव्हरनं आपोआप सेन्सिटिव्हिटी वाढवून घेतली तर तोही झकास वाजतो, तुम्हाला वाटतं सापडला आणि तिथंच खडूनं फुली मारता.

हे का होतं तर सॉन्डमधनं चुंबकीय रेषा एका टोकातनं निघून वळून दुसऱ्या टोकात येतात. बरोबर वर त्या जमिनीला समांतर असतात, थोडं पुढं-मागं गेलं की उभ्या होतात (तिथं आडव्या कॉईलला शून्य), आणखी पुढं परत वाकून आडव्या होतात, तो घोस्ट. गणितानं शून्याची जागा मधल्या पीकपासनं खोलीच्या साधारण ०.७ पट अंतरावर येते, घोस्ट साधारण १.२ पट अंतरावर, आणि घोस्टची ताकद मोठ्या पीकच्या पाचव्या हिश्श्याएवढी. म्हणजे सॉन्ड साडेतीन फूट खोल असेल तर अडीच फुटावर शून्य आणि सव्वाचार फुटावर खोटा पीक. फुली घोस्टवर मारली तर खड्डा सव्वाचार फूट चुकणार, अख्ख्या बाथरूमचा फरक आहे हा.

आता याच गोष्टीचा फायदा करून घ्यायचा. पीक सापडला की खडूनं खूण करा. सेन्सिटिव्हिटी तशीच ठेवून सरळ रेषेत पुढं जा, शून्य आलं तिथं खूण, मागं जा, शून्य आलं तिथं खूण. दोन्ही शून्यांच्या मधोमध तुमचा पीक आला पाहिजे. आला म्हणजे जागा बरोबर, आणि सॉन्ड आडवा सपाट पडलाय हेही कळलं. शिवाय दोन शून्य जोडणारी रेघ म्हणजेच पाईपची दिशा. शून्यं सारख्या अंतरावर नसतील, किंवा एका बाजूचा घोस्ट मोठा आणि दुसरा बारीक असेल, तर सॉन्ड तिरका आहे, बहुतेक ट्रॅपच्या वाकात किंवा खाली उतरणाऱ्या बेंडमध्ये. अशा ठिकाणची खोली धरायची नाही, रॉड फूटभर पुढं नाहीतर मागं करून परत घ्यायचं.

काही नव्या रिसीव्हरला गोळ्यासारखे अँटेना असतात (रिजिडचे असतात), ते स्क्रीनवर पुढचा-मागचा पोल (म्हणजे चुंबकीय रेषा उभ्या होतात ती जागा) आणि मधली रेघ चित्रातच दाखवतात. सोपं जातं, पण तपासायची रीत तीच, दोन्ही पोल सापडल्याशिवाय मधली जागा मानायची नाही.

खोली

पीकवर रिसीव्हर टेकवून खोलीचं बटण दाबा, आकडा लिहून घ्या. मग दोन पडताळण्या करा, दोन्ही मिळून दोन मिनिटांचं काम आहे. पहिली, रिसीव्हर बरोबर एक फूट उचला (फूटभर उंचीचं लाकूड किंवा बादली उलटी ठेवा), खोली एक फुटानं वाढली पाहिजे. वाढली नाही तर आकड्यावर विश्वास नाही. दुसरी, मघाच्या दोन शून्यांमधलं अंतर टेपनं मोजा आणि ०.७ नं गुणा. पाच फूट अंतर असेल तर खोली साडेतीन फूट. मशीनचा आकडा आणि हा आकडा जवळ आले तर काम झालं.

ही खोली सॉन्डच्या मध्यापर्यंतची असते हे विसरू नका. सॉन्ड पाईपच्या तळाला पडलेला असतो, म्हणजे चार इंची पाईपची वरची कड आकड्यापेक्षा तीन-साडेतीन इंच वर असणार, सहा इंचीची त्याहून वर. साडेतीन फूट आलंय म्हणून पहार साडेतीन फुटापर्यंत बिनधास्त मारली तर पाईप फुटलाच समजा.

आणखी एक तपासणी उताराची. चार इंची लाईनला साधारण ४० ला १ उतार देतात, म्हणजे जमीन सपाट असेल तर पाणी वाहायच्या दिशेनं दर दहा फुटाला तीन इंच खोली वाढायला हवी, सहा इंचीला ६० ला १, म्हणजे दहा फुटाला दोन इंच. तुमच्या खुणांच्या खोल्या क्रमानं लिहून बघा. एखादी मधेच फूटभर खोल किंवा उथळ आली तर ते रीडिंग तरी चुकलंय नाहीतर तिथं लाईन खचलीय. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्यात चिनीमातीच्या पाईपचे सांधे सरकतात, त्यामुळं खचलेली लाईन आपल्या भागात नवल नाही. परत रीडिंग घेऊन तेच आलं तर ते दुखणंच सापडलं समजा, तिथंच मैला साचत असणार.

सिग्नल कुठं खोटं बोलतो

सळईच्या स्लॅबवर, लोखंडी झाकणाजवळ, पार्क केलेल्या गाडीखाली आणि जाळीच्या कंपाउंडजवळ पीक पसरट होतो किंवा बाजूला ओढला जातो. सळईवर असाल तर रिसीव्हर जमिनीपासनं फूट-दीड फूट वर धरून फिरा, सळईचा परिणाम कमी होतो, आणि खोलीतनं तेवढी उंची वजा करा. गाडी हलवायला सांगा. पंपाची मोटर, इन्व्हर्टर बंद करून बघा.

सिग्नल कुठं नाचतोय असं वाटलं तर रॉडवाल्याला सॉन्ड बाहेर ओढायला सांगा किंवा बंद करा. तरीही रिसीव्हर वाजतोय? मग तो सॉन्ड नाहीच, दुसरं काहीतरी आहे.

आणि रॉडच्या खुणा इथं कामाला येतात. रॉड पंधरा फूट आत गेलाय आणि वरच्या फुल्यांची लांबी चौदा-पंधरा भरतेय, तर ठीक. रॉड पुढं जातोय पण वरची फुली जागची हलत नाही, तर तो आत कुठल्या तरी गाडलेल्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये गोळा होतोय. तिथं खोलीही अचानक बदलते आणि दिशा फिरते. चेंबर शोधत असाल तर ही बातमी चांगली आहे, हेच तर हवं होतं. उलट रॉडही पुढं जात नाही आणि फुलीही सरकत नाही, खोली उताराप्रमाणं बरोबर आहे, तर तिथं तुंबलंय किंवा काटकोनी बेंड आहे. रॉड थोडा मागं घेऊन फिरवून परत घाला, बेंड असेल तर बहुतेक वेळा निघतो आणि पुढच्या फुलीची दिशा बदललेली दिसते. पुरानंतरचा गाळ असेल तर रॉड मऊ रुततो, दगड किंवा फुटका पाईप असेल तर टक्क अडतो, हाताला फरक कळतो.

खुणा आणि नोंद

प्रत्येक जागी फुली, पाणी वाहायची दिशा दाखवणारा बाण आणि शेजारी खोली लिहा. खडू पावसात जातो, खोदायला आठवडा असेल तर स्प्रे पेंट. आणि प्रत्येक महत्त्वाच्या फुलीचं अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासनं टेपनं मोजून कागदावर लिहा. दोन अंतरं असली की फुली पुसली, फरशी बदलली, भराव टाकला तरी ती जागा परत काढता येते. शामरावनगरसारख्या पाणी साचणाऱ्या भागात अंगण पुन्हा उचललं जाण्याची शक्यता धरूनच ही नोंद ठेवा, आणि त्या वेळची जमीन घराच्या जोत्यापासनं किती खाली होती तेही लिहा, नाहीतर खोलीचा आकडा पुढं निरुपयोगी होतो.

खोदताना

खोदायच्या जागेवर रिसीव्हर पॉवर मोडमध्ये फिरवून लाईटची केबल आहे का ते बघा. मात्र करंट वाहत नसलेली केबल यात सापडेलच असं नाही, आणि प्लास्टिकचा पाण्याचा पाईप, गॅसची प्लास्टिक लाईन, ऑप्टिकल फायबर यात दिसत नाही, त्यामुळं "मशीननं काही दाखवलं नाही" म्हणजे खाली काही नाही असं नाही. रस्त्यात खोदायचं असेल तर महापालिकेची परवानगी लागते, आणि केबल-लाईनवाल्यांना आधी कळवायला केंद्र सरकारचं "कॉल बिफोर यू डिग" ॲप २०२३ पासनं आहे, कंत्राटदाराला ते वापरायला सांगा.

सॉन्ड जागेवर चालू ठेवूनच खोदा. वरचा कोबा ब्रेकरनं काढा, त्याखाली फावडं-टिकाव, आणि प्रत्येक फुटाला खड्ड्यात रिसीव्हर उतरवून रीडिंग घ्या, खोली तेवढी कमी होत गेली पाहिजे. शेवटचा फूटभर फक्त हातानं, फावड्यानं खरवडत. पाईपची वरची कड दिसली की बाजूनं मोकळा करा, हातमोजे घाला, पुराचं पाणी शिरलेल्या जागेत हाताला जखम असेल तर खड्ड्यात हात घालू नका, लेप्टोचा (उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातनं होणाऱ्या तापाचा) धोका असतो. काम झाल्यावर तिथं नवं चेंबर बांधून झाकण फरशीच्या बरोबरीला आणा, आणि मोजमापाच्या कागदाची एक प्रत घराच्या कागदपत्रांत घरपट्टीच्या पावतीबरोबर ठेवून द्या.